नवा ह्युमिडॉर आणि गोव्याची हवा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या बार्देशात बहुतेक वाड्यांवर कोणी ना कोणी जहाजावर असतं. सुट्टीवर येताना कोणी परफ्यूम आणतं, कोणी चॉकलेटं, आणि हौशी माणूस असेल तर सिगारची ओल टिकवणारी लाकडी पेटी, म्हणजे ह्युमिडॉर. माझी पहिली पेटी माझ्या मेहुण्यानं अशीच आणली. तिच्यासोबत सूचनांचा कागद होता, पण तो कोरड्या, थंड देशातल्या माणसासाठी लिहिलेला. त्याबरहुकूम वागून मी ती पेटी आणि त्यातल्या बहुतेक सिगार गमावल्या. त्यानंतर म्हापशातल्या याच घरात तीन पेट्या सांभाळल्या. मला वरचेवर विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

ह्युमिडॉर आणि साधा लाकडी डबा यात फरक काय?

फरक आतल्या अस्तराचा आणि झाकणाचा. चांगल्या पेटीला आतून स्पॅनिश सीडरचं अस्तर असतं. हे लाकूड स्पेनचंही नाही आणि खरा सीडरही नाही. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या सेड्रेला ओडोराटा या झाडाचं ते लाकूड, म्हणजे महोगनीच्या आणि आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं. आपल्याकडचा तूण त्याचा जवळचा नातेवाईक. हे लाकूड ओल शोषतं, धरून ठेवतं आणि हवा कोरडी पडली की हळूहळू परत सोडतं. दमट हवेत ते सहसा वाकडं होत नाही, आणि त्याचा वास तंबाखूला मानवतो. बाहेरून कितीही चकचकीत पॉलिश असलं तरी आत हे अस्तर नसेल तर ती शोभेची पेटी.

सीझनिंग म्हणजे काय आणि ते का करायचं?

कारखान्यात भट्टीत वाळवलेलं लाकूड तहानलेलं असतं. अशा पेटीत थेट सिगार ठेवल्या तर लाकूड त्यांच्यातली ओल ओढून घेतं. आधी लाकडाची तहान भागवायची, मग सिगार आत ठेवायच्या. नवा माठ आपण पाण्यात मुरवून घेतो तसंच, फक्त इथे पाणी लाकडाला लावायचं नसतं, हवेतून द्यायचं असतं.

गोव्याची हवा आधीच दमट. मग इथे सीझनिंगची गरज आहे का?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. उत्तर पेटी कधी आणि कुठून आली यावर ठरतं.

जून ते सप्टेंबर बाहेरच्या हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वरच राहते, संततधार लागली की ९० च्याही वर जाते. त्या दिवसांत पेटी चार दिवस उघडी राहिली तर लाकूड आपणहून भरपूर ओल पितं, गरजेपेक्षा जास्तच. ७० टक्के आर्द्रतेच्या हवेत लाकडाच्या वजनात सुमारे १३ टक्के पाणी मुरतं, तर ८५ टक्क्यांच्या हवेत १८ टक्क्यांपर्यंत. मधला जो फरक आहे तोच पुढे बुरशी होऊन दिसतो. उलट जानेवारीत, एसीच्या खोलीत, विमानातून आलेली प्लास्टिकबंद पेटी उघडली तर ती ठणठणीत कोरडी निघते, आणि तिला परदेशातल्या पेटीसारखंच सीझनिंग लागतं.

म्हणून आधी मोजायचं. रिकाम्या पेटीत तपासलेला हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली ओल मोजणारं यंत्र, ठेवा, झाकण लावा आणि दोन दिवस हात लावू नका. मग वाचा. पन्नाशीत आकडा असेल तर पेटी कोरडी आहे, पूर्ण सीझनिंग करा. ६२ ते ६९ असेल तर जवळजवळ तयार आहे, नुसती ६५ टक्क्यांची पाकिटं (आतली आर्द्रता त्या आकड्यावर राखणारी) ठेवा आणि आठवडाभर थांबा. ७५ च्या वर असेल तर तिला ओल द्यायची नाही, काढायची आहे. एसीच्या खोलीत झाकण उघडं ठेवून दोन-तीन दिवस जाऊ द्या आणि पुन्हा मोजा. उन्हात मात्र ठेवू नका, झाकणाचं लाकूड तडकतं.

कितीतरी जण भर आषाढात पेटीत पाण्याची वाटी ठेवतात आणि महिन्याभरानं बुरशी का आली म्हणून विचारतात. कागदात लिहिलं होतं म्हणून केलं, असं सांगतात. मीही तेच केलं होतं.

हायग्रोमीटर बरोबर दाखवतो हे कसं ओळखायचं?

मिठानं. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळून पाणी झालं तर पाणी जास्त झालं, अजून मीठ घाला. हे झाकण आणि हायग्रोमीटर एका झिपच्या पिशवीत ठेवून पिशवी घट्ट बंद करा. आठ तासांनी बघितलं तरी चालतं, मी २४ तास ठेवतो. पिशवीतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. हायग्रोमीटर ७१ दाखवत असेल तर तो ४ कमी सांगतो, एवढं त्याच्या पाठीवर चिठ्ठी लावून लिहून ठेवा. २५ अंशांना करा की ३० अंशांना, आकडा तोच राहतो, म्हणून आपल्या हवेत ही चाचणी उत्तम.

एक खबरदारी आपल्याकडेच घ्यावी लागते. मीठ पुडीतलं साधं, बारीक घ्या. मिठागरातलं जाडं मीठ स्वयंपाकाला मला फार आवडतं, लोणचं तर त्याच्याशिवाय होत नाही. पण त्यात मॅग्नेशियमचे क्षार राहिलेले असतात. तेच हवेतली ओल खेचतात, म्हणून पावसाळ्यात ते मीठ पाझरतं. त्यांच्यामुळे पिशवीतला आकडा ७५ च्या खाली जातो आणि चाचणी चुकते.

पेटीच्या झाकणावर बसवलेल्या काट्याच्या गोल हायग्रोमीटरवर विसंबू नका. तो दिसायला छान असतो, पण माझ्या एका पेटीतला काटा नवा असतानाच बारा टक्क्यांनी चुकत होता. साधा डिजिटल घ्या.

कोरड्या पेटीचं सीझनिंग नक्की कसं करायचं?

सोपा आणि बिनधोक मार्ग म्हणजे बोवेडा कंपनीची ८४ टक्क्यांची पाकिटं. पेटी जितक्या सिगारची, त्यातल्या दर २५ ला ६० ग्रॅमचं एक पाकीट. पन्नासच्या पेटीला दोन. पाकिटं वरच्या आवरणातून काढून आत ठेवा, झाकण लावा आणि १४ दिवस उघडू नका. मग ती काढून ६५ ची ठेवा, दोन दिवसांनी आकडा बघा आणि मगच सिगार भरा.

पाकिटं मिळाली नाहीत तर काचेच्या छोट्या वाटीत डिस्टिल्ड पाणी ठेवा, वाटीखाली प्लास्टिकचा तुकडा घाला म्हणजे थेंब लाकडावर पडणार नाही. आपल्या हवेत ही वाटी रोज बघावी लागते. आकडा ७५ ला पोचला की वाटी काढा आणि पेटी बंद ठेवून आणखी दोन दिवस जाऊ द्या. लाकूड पाणी आत मुरवून घेतं आणि आकडा थोडा उतरतो. ६० च्या खाली उतरला तर पुन्हा एक दिवस वाटी. असं दोन-तीनदा होतं. घाई करायची नाही.

ओल्या फडक्यानं लाकूड पुसलं तर लवकर होईल ना?

नाही. मी पहिल्या पेटीला हेच केलं. जुलै महिना होता. स्वच्छ फडकं ओलं करून आतून चारी बाजू पुसल्या, तीन दिवस रोज. चौथ्या दिवशी झाकण बसेना. कडेचं लाकूड फुगून वर आलं होतं, आणि बोट फिरवलं तर मांजराच्या जिभेसारखं खरखरीत लागत होतं. तरी मी सिगार भरल्या. चवथीला पाहुण्यांसाठी पेटी उघडली तेव्हा तळच्या ओळीवर हिरवट बुरशी होती. मेहुण्यानं सहा महिने जहाजावर काम करून आणलेल्या सिगार होत्या त्या. त्याला सांगताना माझा आवाज फुटेना.

लाकडाला ओल हवेतूनच द्या.

पाणी कुठलं वापरायचं? इन्व्हर्टरचं चालेल का?

सीलबंद बाटलीतलं डिस्टिल्ड पाणी चालेल. बॅटरीच्या दुकानात ॲसिडच्या बाटल्याही तशाच दिसतात, लेबल वाचून घ्या. नळाचं, विहिरीचं किंवा पिण्याच्या बाटलीतलं पाणी नको, त्यातले क्षार पेटीत ओल द्यायला ठेवलेल्या स्पंजमध्ये साचतात आणि स्पंज बंद पडतो. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी बरेच जण इन्व्हर्टरसाठी साठवतात. ते पेटीत अजिबात नको. ते एसीच्या कॉइलवरची धूळ आणि बुरशीचे कण घेऊन खाली येतं.

सगळीकडे ७० टक्के लिहिलेलं असतं. तुम्ही ६५ का सांगता?

ते ७० टक्के २१ अंश सेल्सियससाठी आहेत, फॅरनहाइटमध्ये सत्तराला सत्तर. आपल्या घरात २१ अंश कधी असतात? मे महिन्यात दुपारी खोलीत ३२ असतात, डिसेंबरच्या रात्रीही एसीशिवाय २३-२४. उष्णता वाढली की बुरशी आणि कीड दोन्ही जोर धरतात, आणि ओल कमी ठेवणं हाच आपल्या हातातला उपाय. ६२ ते ६५ वर सिगार नीट जळते, ओढायला घट्ट लागत नाही. ७२ वर ती दाबली तर स्पंजासारखी लागते, मध्येच विझते, कधी वरचं पान फुटतं.

झाकण घट्ट बसतं का ते कसं बघायचं?

रात्री दिवे मालवा, मोबाइलचा टॉर्च लावून पेटीत ठेवा आणि झाकण लावा. जिथून उजेड दिसेल तिथून हवा जाते. नोट झाकणात अर्धी धरून ओढून बघायची पद्धतही चांगली, चारी बाजूंनी सारखा अडसर लागला पाहिजे. पेटी विकत घेताना दुकानातच बघा.

पेटी घरात कुठे ठेवावी?

आतल्या भिंतीला. चिऱ्याच्या घराची पावसाकडची भिंत श्रावणापर्यंत ओली असते, हात लावला की कळतं. फ्रिजच्या डोक्यावर नको, तिथे गरम होतं. खिडकीजवळ नको. जमिनीवर किंवा भिंतीला टेकून तर नकोच, वाळवी लागते. आतला सीडर ती सहसा खात नाही, पण बाहेरचा प्लाय किंवा एमडीएफ ती सोडत नाही.

किनाऱ्याजवळ राहत असाल तर बिजागरी आणि कुलूप आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्यानं पुसा. खाऱ्या वाऱ्यानं पितळ हिरवं पडतं आणि लोखंडी खिळा गंजून लाकडात काळा डाग सोडतो.

कपाटात डांबरगोळ्या असतात. चालेल का?

नाही. सिगार वास पिते. डांबरगोळ्या, कापूर, देवघरातला धूप, पुरुमेंताची (पावसाळ्याच्या बेगमीची) सुकी मासळी, फेणीची बाटली, या सगळ्यांपासून पेटी लांब हवी. पेटी रम किंवा फेणीनं आतून पुसावी असं सांगणारे भेटतात. करू नका, तो वास वर्षभर जात नाही. फ्लेवरच्या सिगारही साध्या सिगारसोबत एका पेटीत ठेवू नका.

सिगारला टाचणीएवढी भोकं पडली आहेत. काय झालं?

कीड. तिचं शास्त्रीय नाव लॅसिओडर्मा सेरिकॉर्ने. हा किडा तुमच्या स्वयंपाकघराला नवा नाही. जुन्या हळकुंडांतून, धण्यांतून, लाल मिरच्यांच्या बरणीतून जो दोन-तीन मिलिमीटरचा तांबूस तपकिरी, पाठ वाकवून चालणारा भुंगेरा निघतो तोच हा. अंडी बहुधा तंबाखूत गोदामातून आलेली असतात आणि गार हवेत निपचित राहतात. हवा उबदार राहिली की ती फुटतात. ३० अंश आणि ७० टक्के ओल ही या किड्याची आवडती हवा, आणि तशी हवा आपल्या घरात वर्षातले बरेच महिने असते. तशा हवेत महिना-दीड महिन्यात पुढची पिढी तयार होते. म्हणून गोव्यात किडीची भीती सगळ्यात मोठी मानायची, भोकं दिसण्याची वाट बघायची नाही.

मी आलेली प्रत्येक सिगार, कोणीही आणलेली असो, पेटीत घालण्याआधी गोठवतो. झिपच्या पिशवीत घालून हवा दाबून काढायची, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि दोन्ही स्टीलच्या घट्ट डब्यात. डबा यासाठी की आमच्या फ्रीजरमध्ये इसवण आणि सुंगटं असतात, आणि एका पिशवीला तो वास अडत नाही. आधी एक दिवस खालच्या फ्रिजमध्ये, मग फ्रीजरमध्ये. उणे १८ ला तीन दिवस पुरतात म्हणतात, पण आमचं फ्रीजर मासळीसाठी दिवसातून दहा वेळा उघडतं, म्हणून मी सात दिवस ठेवतो. मग पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये, आणि शेवटी बाहेर, पिशवी न उघडता, पूर्ण घरच्या तापमानाला येईपर्यंत. पिशवी गार असताना उघडली तर दमट हवेचं दव थेट सिगारवर बसतं आणि पान फुटतं.

भोकं आधीच दिसली असतील तर ती सिगार वेगळी काढा, बाकी सगळ्या गोठवा, पेटी रिकामी करून व्हॅक्यूमनं कोपरे साफ करा. आणि मिरच्यांची बरणीही बघा.

सिगारवर पांढरं आलं आहे. बुरशी की तेलाचा साका?

पांढरी पूड म्हणजे चांगल्या सिगारनं सोडलेलं तेल, असं जुने शौकीन अभिमानानं सांगतात. आपल्या हवेत मी ती बुरशीच धरतो. लोकरीसारखं, ठिपक्याठिपक्यांनी, हिरवं-निळं असेल तर शंकाच नको. जळत्या टोकाकडे, आतल्या तंबाखूत दिसली तर सिगार टाका. पेटीच्या लाकडावर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, दोन दिवस एसीत उघडी ठेवा, मग पुन्हा मोजा.

पावसाळाभर पेटी कशी सांभाळायची?

मृगाच्या आधी, पुरुमेंत भरताना, पेटीचीही तयारी करतो. हायग्रोमीटर मिठानं तपासतो, ६५ ची नवी पाकिटं ठेवतो, वाटी किंवा स्पंज असेल तर काढून टाकतो. ही पाकिटं दोन्ही बाजूंनी काम करतात, कोरडं असेल तर ओल देतात, जास्त असेल तर घेतात, आणि पावसाळ्यात त्यांचं घेण्याचंच काम असतं. झिरपणारी पेटी असेल तर ती पाकिटं महिन्यात टम्म फुगतात, मग ती ओल घेणं थांबवतात. फुगलेलं पाकीट मी एसीच्या खोलीत दोन दिवस ठेवतो, तोवर दुसरा संच आत. पेटी आठवड्यातून एकदाच, दुपारी पाऊस उघडलेला असताना उघडतो. मुसळधार पावसात उघडत नाही.

चवथ झाली, पाऊस ओसरला की सगळ्या सिगार बाहेर काढून एकेक बघायच्या, खालच्या वर करायच्या. दिवाळीनंतर उत्तरेचा कोरडा वारा सुरू झाला की आकडा हळूहळू उतरतो. तेव्हा कडक झालेली पाकिटं बदलायची. हातात पाकीट खडखडीत लागलं म्हणजे ते संपलं. एरवी दोन ते चार महिने टिकतं.

लाकडावर चिकट थेंब आले आहेत.

सीडरचा डिंक. मे महिन्यात येतो. ॲसिटोन लावलेल्या कापसानं टिपा, वास पूर्ण जाईपर्यंत पेटी उघडी ठेवा. डिंकानं चिकटलेली सिगार ओढून सुटी करू नका, पान फाटतं.

सिगारवरचं सेलोफेनचं आवरण काढावं की ठेवावं?

ठेवा. त्यातून ओल जाते-येते, पण एका सिगारची बुरशी शेजारणीला सहज लागत नाही.

वाइन कूलर घेतला तर?

परवडत असेल तर घ्या, १८ ते २० अंशांवर कीड झोपून राहते. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. पावसात वीज गेली की आतलं तापमान तासाभरात चढू लागतं, म्हणून दार उघडायचं नाही. आणि त्यातून काढलेली सिगार पिशवीत बंद ठेवून अर्धा-पाऊण तास घरच्या हवेला येऊ द्या, नाहीतर तिच्यावर दव धरतं.

लाकडी पेटी परवडत नाही. प्लास्टिकचा डबा चालेल?

खरं सांगायचं तर पावसाळ्यात तो लाकडी पेटीपेक्षा चांगला चालतो. रबरी कडेचा हवाबंद डबा, वास जाईपर्यंत धुवून वाळवलेला, त्यात ६५ चं एक पाकीट आणि जुन्या सिगारच्या खोक्यातली सीडरची एखादी फळी. सीझनिंगची कटकट नाही. आठवड्यातून एकदा मिनिटभर उघडायचा.

छोट्या, मशीनवर वळलेल्या सिगार आणि देशी चिरूट?

त्या कोरड्याच असतात आणि कोरड्याच ओढायच्या. ह्युमिडॉरमध्ये ठेवल्या तर बिघडतात.

नीट सांभाळलेली सिगार कमी अपायकारक असते का?

नाही. तंबाखू तो तंबाखूच. पेटीला कुलूप असेल तर लावा, घरात मुलं असतात.

मी सात-आठ महिने जहाजावर असतो. मागे पेटीचं काय करू?

लाकडी पेटी रिकामी करा. सगळ्या सिगार गोठवून वर सांगितलेल्या प्लास्टिकच्या डब्यात घाला, ६५ ची दोन नवी पाकिटं आत आणि डबा आतल्या खोलीतल्या कपाटात, मधल्या फळीवर. रिकाम्या पेटीत एक पाकीट ठेवून झाकण लावा. घरच्यांना दर महिन्याला डबा उघडून बघायला सांगू नका. डब्याच्या पारदर्शक बाजूला हायग्रोमीटर लावून ठेवा, व्हिडिओ कॉलवर आईला कपाटाचं दार उघडून फोन तेवढा डब्यासमोर धरायला सांगा, आणि आकडा तुम्ही वाचा. माझ्या मेहुण्याच्या सिगार गेली दोन वर्षं आम्ही अशाच सांभाळतो.